तुर्कस्तानच्या बायका आणि युरोपचं दार

१४ एप्रिल १९८७ रोजी तुर्कस्तानने तेव्हाच्या युरोपीय समुदायाकडे पूर्ण सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्यानंतर महिनाभराने, १७ मे रोजी, इस्तंबूलमध्ये बायकांनी मारहाणीविरुद्ध मोर्चा काढला. निमित्त होतं चांकिरी गावच्या एका न्यायाधीशाचं. नवऱ्याच्या माराला कंटाळून घटस्फोट मागायला आलेल्या बाईचा अर्ज त्याने फेटाळला आणि निकालपत्रात एका म्हणीचा आधार घेतला. बाईच्या पाठीला काठी आणि पोटाला पोर कमी पडू देऊ नये, असा तिचा आशय. अशा म्हणी आपल्याकडेही कमी नाहीत. फरक इतकाच, की तिथे ती थेट न्यायालयाच्या कागदावर उतरली आणि बायकांनी ती रस्त्यावर आणली. १९८० च्या लष्करी उठावानंतर सभा-मोर्चांवर दहशत होती, त्या काळातली ही गोष्ट.

अर्ज सरकारने केला आणि मोर्चा बायकांनी. तुर्कस्तानमधल्या लोकशाहीबद्दल आणि मानवी हक्कांबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत जे काही छापून येतं ते बहुतेक अर्जाबद्दलचं असतं. अंकाराने काय केलं, ब्रसेल्स काय म्हणालं, चर्चा कुठे अडली. मला या लेखात मोर्चाच्या बाजूने लिहायचं आहे. कारण दाराशी उभ्या असलेल्या देशाला आतल्यांनी काय अटी घातल्या, यापेक्षा त्या अटींचा उपयोग त्या देशातल्या बायकांनी कसा करून घेतला आणि दार बंद झाल्यावर त्यांचं काय झालं, हे आपल्या कामाचं आहे.

आधी या अटींविषयी. १९९३ मध्ये कोपनहेगनला युरोपीय नेत्यांनी ठरवलं की नव्या सदस्य देशात लोकशाही, कायद्याचं राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण हवं, बाजारपेठ चालती हवी आणि संघाचे कायदे पाळण्याची कुवत हवी. ऐकायला छान. पण लग्नाच्या बाजारात पत्रिका कधी काढतात आणि कधी गुंडाळून ठेवतात हे आपल्याला ठाऊक आहे. स्थळ नको असलं की मंगळ सापडतो, आणि हुंडा भरघोस असला की तोच मंगळ सौम्य होतो. तुर्कस्तानच्या बाबतीत युरोपने पत्रिका अशीच वापरली, असं माझं मत आहे. जकात संघ १९९६ च्या सुरुवातीपासून लागू झाला, म्हणजे माल आत आला. उमेदवार म्हणून मान्यता मिळायला १९९९ ची हेलसिंकी परिषद उजाडली आणि वाटाघाटी सुरू व्हायला ३ ऑक्टोबर २००५.

म्हणून अटी निरुपयोगी होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. १९९१ मध्ये निवडून आलेल्या कुर्द खासदार लेयला झाना यांनी संसदेत शपथ घेताना एक वाक्य कुर्द भाषेत उच्चारलं. तुर्क आणि कुर्द जनतेच्या बंधुभावाबद्दलचं ते वाक्य होतं. १९९४ मध्ये त्यांना अटक झाली आणि पंधरा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. युरोपीय संसदेने १९९५ मध्ये त्यांना साखारोव पुरस्कार दिला, तोही त्या तुरुंगात असताना. २००४ मध्ये त्या सुटल्या तेव्हा वाटाघाटींचा निर्णय तोंडावर आलेला होता. २००२ मध्ये शांतताकाळापुरती आणि २००४ मध्ये पूर्णपणे फाशीची शिक्षा रद्द झाली. कुर्द भाषेतल्या प्रसारणाला मर्यादित का होईना, जागा मिळाली. बाहेरच्या दबावाशिवाय हे इतक्या लवकर झालं असतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

पण बायकांच्या कायद्यांची कथा वेगळी आहे, आणि ती नीट सांगितली जात नाही. ती अशी सांगितली जाते: केमाल पाशाने बायकांना हक्क दिले आणि उरलेले युरोपने दिले. दोन्ही वेळा देणारा कोणीतरी पुरुष आणि घेणाऱ्या बायका.

१९२६ साली स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी कायदा आला, बहुपत्नीत्व बेकायदा ठरलं. १९३० मध्ये नगरपालिकांसाठी आणि १९३४ मध्ये संसदेसाठी बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. आपल्या पणज्यांच्या पिढीला हे सगळं अपूर्व वाटलं असणार. पण त्याच नागरी कायद्यात नवरा हा कुटुंबप्रमुख होता, आणि बायकोला नोकरी करायची तर त्याची परवानगी लागे. हे कलम घटना न्यायालयाने रद्द केलं ते १९९० मध्ये! बलात्कारित स्त्री वेश्याव्यवसाय करणारी असेल तर गुन्हेगाराची शिक्षा कमी करावी असं दंडसंहितेचं ४३८ वं कलम सांगत होतं. १९८९ मध्ये घटना न्यायालयाने ते वैध ठरवलं, बायकांनी देशभर गदारोळ केला आणि पुढच्याच वर्षी संसदेला ते काढून टाकावं लागलं. तेव्हा युरोपचं दार किलकिलंही नव्हतं. तुर्कस्तानचा अर्ज १९८९ मध्येच बाजूला ठेवला गेला होता.

त्याच सुमारास इस्तंबूलच्या बायकांनी बसमध्ये आणि बोटींवर होणाऱ्या छेडछाडीविरुद्ध जांभळ्या फितीच्या टाचण्या वाटल्या. हात लावणाऱ्याला टोचा, एवढा साधा संदेश. मुंबईच्या लोकलमधून आणि एसटीतून प्रवास केलेल्या आपल्यातल्या कित्येकींच्या पदराला अशी पिन कोणी न शिकवता लावलेली असते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या निवारा संस्थेचं नाव ‘मोर चाती’, म्हणजे जांभळं छप्पर. तुर्की भाषेत मोर म्हणजे जांभळा. मला मात्र ते नाव वाचलं की छपरावर बसलेला आपला मोरच दिसतो, आणि तेही वाईट नाही.

सांगायचा मुद्दा असा, की दार उघडण्याची शक्यता १९९९ नंतर निर्माण झाली तेव्हा या बायका तयार होत्या. त्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांचा अभ्यास होता, वकील होत्या, कलमवार मसुदे होते. १ जानेवारी २००२ पासून नवा नागरी कायदा लागू झाला. कुटुंबप्रमुख नवरा ही कल्पना गेली आणि लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेत दोघांचा समान वाटा आला. घरात राबलेल्या बाईच्या श्रमाला पैशात किंमत देणारी ही तरतूद आहे. आपल्याकडे घटस्फोटाच्या वेळी बाई आपले दागिने आणि पोटगी यांसाठीच वर्षानुवर्षं खेपा घालते. ‘संसारात मिळवलेल्यातलं अर्धं माझं’ असं म्हणायला तिच्याकडे तसा सर्वसाधारण कायदाच नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात पतिपत्नीच्या सामायिक मालमत्तेची कल्पना आहे, हा त्याला ठळक अपवाद.

मग दंडसंहिता. जुन्या संहितेत बलात्कार हा सामाजिक नीती आणि कुटुंबव्यवस्था यांविरुद्धचा गुन्हा मानला होता. म्हणजे नुकसान कोणाचं? घराण्याचं, बापाचं, नवऱ्याचं. बाई फक्त घटनास्थळ. बायकांच्या संघटनांनी एकत्र येऊन तीन वर्षं या एका मुद्द्यावर काम केलं: लैंगिक गुन्हे हे व्यक्तीविरुद्धचे गुन्हे माना. मसुदा तयार करणाऱ्यांच्या सल्लागारांतल्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने २००३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की कौमार्य गेलेल्या मुलीशी लग्न करायला कोणीच पुरुष तयार नसतो, म्हणून बलात्काऱ्यानेच तिच्याशी लग्न केलं तर त्याला सूट मिळावी. मथुरेच्या खटल्यात १९७९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्यांनी वाचला आहे त्यांना अशा विद्वत्तेचं नवल वाटणार नाही. २००४ मध्ये संमत झालेल्या आणि १ जून २००५ पासून लागू झालेल्या संहितेत ही सूट गेली. लैंगिक गुन्हे व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्यांत आले. नवऱ्याने केलेला बलात्कार, बायकोच्या तक्रारीवरून, गुन्हा ठरला. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, वसाहतवादी वारसा पुसल्याचा गाजावाजा झाला, आणि नवऱ्याला वगळणारा अपवाद जसाच्या तसा राहिला.

सगळं मिळालं असं नाही. कौमार्य तपासणीवर सरळ बंदी हवी होती, मिळालं काय तर न्यायाधीश किंवा सरकारी वकिलाच्या आदेशाशिवाय अशी तपासणी करू नये. खुद्द मुलीच्या संमतीचा शब्द नाही. (पुण्यात २०१८ च्या सुमारास काही तरुण-तरुणींनी जातपंचायतीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड बंड केलं तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न पडला होता: शरीर कोणाचं आणि विचारायचं कोणाला?) रूढीच्या नावाखाली केलेल्या खुनाला कडक शिक्षा आली, पण बायकांनी मागितलेला ‘इभ्रत’ हा शब्द टाळून ‘रूढी’ हा शब्द घातला गेला. रूढी म्हटलं की ती पूर्वेकडच्या कुर्द खेड्यांतली. इभ्रत म्हटली असती तर इस्तंबूलच्या सुशिक्षित फ्लॅटपर्यंत पोचली असती.

याच टप्प्यावर सरकारने ऐनवेळी व्यभिचाराचं कलम पुढे आणलं. पूर्वीचं कलम घटना न्यायालयाने १९९६ आणि १९९८ मध्ये दोन टप्प्यांत रद्द केलं होतं. एर्दोआन तेव्हा पंतप्रधान होते. सप्टेंबर २००४ मध्ये बायका अंकाराला संसदेवर चालून गेल्या. विस्तार आयुक्त फर्हॉयगन यांनी ब्रसेल्सहून इशारा दिला. प्रस्ताव मागे घेतला गेला. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ब्रसेल्स होतं. बायका आतल्या पानावर.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. या मथळ्याची किंमत पुढे मोजावी लागली. हक्क म्हणजे युरोपला खूष करण्यासाठी भरलेला दंड, अशी समजूत सरकारच्या समर्थकांत रुजली. युरोपने दार लावून घेतल्यावर मग दंड तरी का भरायचा?

आणि दार लावलं गेलं. वाटाघाटींची ३५ प्रकरणं होती, त्यांतली १६ उघडली आणि एकच तात्पुरतं पूर्ण झालं, तेही विज्ञान व संशोधनाचं. फ्रान्स आणि जर्मनीचे नेते पूर्ण सदस्यत्वाऐवजी ‘विशेष भागीदारी’ची भाषा करू लागले. सायप्रसच्या वादामुळे २००६ मध्ये आठ प्रकरणं गोठवली गेली. पण सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट २००९ ची. सायप्रसने आणखी काही प्रकरणं अडवली, त्यांत न्यायव्यवस्था व मूलभूत हक्क हे २३ वं प्रकरण होतं. ते आजतागायत उघडलेलं नाही. ज्या देशात न्यायालयं आणि तुरुंग हाच मुख्य प्रश्न, त्या देशाशी नेमकं न्यायालयं आणि हक्कांचंच प्रकरण कधी उघडलं नाही, आणि नंतर म्हटलं की बघा, त्यांनी सुधारणा केली नाही.

२०१६ च्या मार्चमध्ये तर पत्रिकाच फडताळात गेली. सीरियातले निर्वासित समुद्र ओलांडून ग्रीसला येऊ नयेत म्हणून युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला. तीन अब्ज युरो, पुढे आणखी तीन अब्ज, व्हिसाची सवलत आणि सदस्यत्वाच्या प्रक्रियेला गती देण्याचं आश्वासन. तेव्हा पूर्वेकडच्या कुर्द शहरांत संचारबंदी होती, पत्रकार तुरुंगात होते. जुलैत लष्करी उठावाचा प्रयत्न झाला. तो फसला हे बरंच झालं. बंदुकीने आलेली सत्ता बायकांना काय देते हे १९८० ने दाखवलं होतं. पण त्यानंतरची आणीबाणी दोन वर्षं चालली आणि एक लाखाहून जास्त सरकारी नोकर वटहुकमांनी काढले गेले. आपल्यातल्या ज्यांनी १९७५ पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ‘जिन्हा’ ही केवळ बायका चालवत असलेली वृत्तसंस्था ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद करण्यात आली. वान शहरातली स्त्रियांची संघटना नोव्हेंबरमध्ये. तिचं मुख्य काम मार खाणाऱ्या बायकांना आधार देणं हे होतं. कुर्द पक्षाने प्रत्येक नगरपालिकेत एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन सह-नगराध्यक्ष ठेवण्याची पद्धत आणली होती. दियारबाकिरच्या सह-महापौर ग्युल्तान किशानाक यांना अटक झाली, अशा शेकडो लोकप्रतिनिधींच्या जागी सरकारने प्रशासक बसवले आणि प्रशासकांनी कित्येक ठिकाणी पहिला घाव घातला तो बायकांच्या केंद्रांवर.

अशा वेळी ‘हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नव्हे’ असं म्हणणारे आपल्या बैठकांतही भेटतात. त्यांच्यासाठी इस्तंबूल कराराची हकीकत तपशिलात सांगते.

स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्याचा हा करार युरोप परिषदेचा. ही परिषद युरोपीय संघाहून वेगळी, आणि तुर्कस्तान तिचा जुना सदस्य आहे. त्याआधी २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ‘ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान’ खटल्यात निकाल दिला होता. एका बाईला आणि तिच्या आईला नवरा वर्षानुवर्षं मारत होता, तक्रारींवर पोलीस आणि सरकारी वकील ‘घरगुती मामला’ म्हणत राहिले आणि २००२ मध्ये त्याने तिच्या आईला गोळी घातली. न्यायालयाने म्हटलं की राज्यसंस्थेची ही निष्क्रियता म्हणजे स्त्री म्हणून केलेला भेदभाव आहे. ११ मे २०११ रोजी करार इस्तंबूलमध्येच सह्यांसाठी खुला झाला आणि सर्वांत आधी तुर्कस्तानने त्याला मंजुरी दिली. २०१२ मध्ये त्याला धरून ६२८४ क्रमांकाचा कायदा आला. लग्न झालेलं असो वा नसो, बाईला संरक्षण. आणि तातडी असेल तर न्यायालय उघडायची वाट न पाहता पोलीस अधिकारीही संरक्षणाचे काही आदेश देऊ शकतो. २००५ च्या आपल्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलाशी बसून तारखेची वाट पाहणाऱ्या बायकांना याचं मोल कळेल.

पण करार खुला झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात सरकारने स्त्रिया व कुटुंब यांसाठीच्या खात्याच्या नावातून ‘स्त्रिया’ हा शब्द काढून टाकला होता. उरलं कुटुंब. २००८ च्या ८ मार्चच्या निमित्ताने बायकांना निदान तीन मुलं व्हावीत असा उपदेश झालाच होता. २०१४ मध्ये एर्दोआन यांनी स्त्री-पुरुष समानता निसर्गाविरुद्ध असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये बलात्काऱ्याशी लग्नाची सूट मागच्या दाराने परत आणण्याचा प्रयत्न झाला, तो बायकांनी रस्त्यावर येऊन हाणून पाडला.

आणि मग २० मार्च २०२१. मध्यरात्रीनंतर राजपत्रात एक आदेश छापून आला. तुर्कस्तान इस्तंबूल करारातून बाहेर. संसदेने मंजूर केलेला करार राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने गेला. कारण दिलं गेलं की समलैंगिकता रुजवू पाहणाऱ्यांनी हा करार बळकावला आहे. वकील बायका आणि संघटना सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेल्या. तिथल्या सरकारी अभियोक्त्यानेसुद्धा हा निर्णय बेकायदा असल्याचं मत दिलं. जुलै २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी बायकांची मागणी फेटाळली गेली.

२०१७ च्या सार्वमताने सगळे अधिकार एका माणसाकडे दिले नसते तर हे अशा एका सहीने करता आलं नसतं. संसदेत प्रस्ताव आला असता, चर्चा झाली असती, सरकारी पक्षातल्याही काही बायकांनी तोंड उघडलं असतं, कारण त्यांच्यातल्या अनेकींनी करार उचलून धरला होता. डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या या बायकांना जुन्या धर्मनिरपेक्ष राजवटीने विद्यापीठाच्या फाटकातून परत पाठवलं होतं. १९९९ मध्ये निवडून आलेल्या मेर्वे कावाकची यांना रुमालामुळे संसदेत शपथही घेऊ दिली नाही. तेव्हा गप्प बसलेल्या पुरोगाम्यांनी तोही हिशेब विसरू नये. बाईच्या डोक्यावरचं कापड ओढणारं राज्य आणि तिला तीन मुलं सांगणारं राज्य, दोघांनाही तिचं मत विचारायचं नसतं.

करारातून बाहेर पडल्याला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा फॉन डेर लायन अंकाराला गेल्या. दोन पुरुषांसाठी दोन खुर्च्या होत्या, त्यांना बाजूच्या कोचावर बसावं लागलं. जगभर त्या खुर्चीची चर्चा झाली. त्या भेटीत बोलणी झाली ती निर्वासित आणि व्यापार यांची जास्त.

काही मैत्रिणी म्हणतात की बाहेरच्या ताकदींकडे जाणं हेच चूक, त्यातूनच ‘परकीय हस्तक’ हा शिक्का बसतो. मला हे पटत नाही. शिक्का बसायचा तो बसतोच. आपल्यावर परदेशातून पैसा न घेताही बसला आहे. ज्या बाईला घरात आणि चौकीत कोणी उभं करत नाही ती शेजारच्या घराची कडी वाजवणारच. प्रश्न शेजाऱ्याच्या नियतीचा आहे, आणि ती या प्रकरणात चांगली नव्हती. ती तशी नसणार हे धरूनच तिथल्या बायकांनी आपली संघटना, आपले आकडे आणि आपले वकील स्वतःच उभे केले होते. म्हणून करार गेला तरी ६२८४ चा कायदा अजून उभा आहे. त्याच्यावरही हल्ले होत आहेत; २०२३ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांच्या आघाडीतल्या एका छोट्या पक्षाने तो बदलण्याची मागणी उघडपणे केली होती.

२०१८ पासून सदस्यत्वाची बोलणी ठप्प असल्याचं युरोपीय संघच सांगतो. १९ मार्च २०२५ रोजी इस्तंबूलचे निवडून आलेले महापौर एकरेम इमामोग्लू यांना ताब्यात घेतलं गेलं तेव्हा निषेधाची पत्रकं निघाली, पण त्याच सुमारास युरोप आपल्या संरक्षणासाठी तुर्कस्तानच्या कारखान्यांचा आणि सैन्याचा हिशेब मांडत होता. गलातासराय चौकात १९९५ पासून दर शनिवारी पोलिसांच्या ताब्यात नाहीशा झालेल्या मुलांचे फोटो घेऊन बसणाऱ्या आयांना २०१८ मध्ये, सातशेव्या शनिवारी, अश्रुधुराने उठवलं. ८ मार्चच्या रात्री इस्तिकलाल रस्त्यावर २००३ पासून निघणारा बायकांचा मोर्चा २०१९ पासून अडवला जातो, आणि बायका आजूबाजूच्या गल्ल्यांतून जमतात.

खून झालेल्या बायकांची मोजणी करणारी ‘स्त्रीहत्या थांबवू’ ही संघटना २०१० पासून काम करते. नाव, वय, मारणाऱ्याशी नातं, संरक्षणाचा आदेश होता की नव्हता, असं एकेक टिपून. कोर्टात टाय लावून, मान खाली घालून उभं राहिलं की चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षा कमी होते, त्या प्रकाराला तिथल्या बायका ‘टायची सूट’ म्हणतात. ती कोणाला मिळाली हेही टिपलं जातं. कायदा आणि नीतीविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून ही संघटनाच बंद करण्यासाठी खटला भरला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये इस्तंबूलच्या न्यायालयाने तो फेटाळला. संघटनेची यादी अजूनही दर महिन्याला निघते.